पहिली बादली

१

"सातवा महिना होता तिचा, बाई. चार दिवसांत गेली," टेम्पोवाला म्हणाला आणि हातातली प्लास्टिकची पिशवी त्यानं फौजदारबाईंच्या टेबलावर आपटली. "आणि हे तिच्या सासूच्या गादीखाली निघालं."

पिशवीत मूठभर पांढरी पूड होती.

फौजदारबाईंना या चौकीत येऊन दोनच महिने झाले होते. समोरच्याला मध्येच तोडायचं नाही, ही त्यांची जुनी सवय. त्यांनी टेम्पोवाल्याला बसायला खुर्ची दिली आणि बोलू दिलं. मेलेली बाई त्याची धाकटी बहीण. नवरा प्लंबर, घरात विधवा सासू, बाकी कुणी नाही. लग्नाला दीड वर्ष झालेलं. सोमवारी बहिणीला उलट्या सुरू झाल्या, मंगळवारी डोळे पिवळे झाले, बुधवारी ती माणसं ओळखेना आणि गुरुवारी संपली.

"म्हातारी रोज संध्याकाळी हंड्यात चिमूटभर पूड टाकायची. समोरच्या घरातल्या बाईनं डोळ्यांनी बघितलंय. बाई, मी काही गप्प बसणारा नाही. आज ती आत गेली नाही, तर मी काय करीन त्याचा भरवसा नाही."

फौजदारबाईंनी पिशवीची गाठ सोडली आणि नाक जवळ नेलं. तिखट वास भस्सकन मेंदूत गेला, डोळ्यांत पाणी आलं. हा वास त्यांच्या ओळखीचा होता, पण कुठला ते चटकन आठवेना. त्या पिशवी घेऊन थेट सरकारी दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरांनी पिशवी नाकाजवळही नेली नाही. "ब्लिचिंग पावडर. आमच्या फरशा याच्यानंच धुतात."

"याच्यानं माणूस मरतं?"

"चिमटीनं? छे. उलट पाण्यातले जंतू मरतात." डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ती बाई काविळीनं गेली. घाणीतून पाण्यात आणि पाण्यातून पोटात जाणारी कावीळ. तुम्हाआम्हाला ती पंधरा दिवस झोपवते आणि सोडून देते. गरोदर बाईला सोडत नाही, त्यातून दिवस भरत आलेले असले तर मुळीच नाही. त्या गल्लीतले अकरा जण गेल्या महिन्याभरात माझ्याकडे येऊन गेलेत."

"मग तुम्ही कळवलं नाही कुणाला?"

"पाण्याच्या ऑफिसला दोनदा कळवलं. त्यांनी टाकीवरचं पाणी तपासलं. स्वच्छ निघालं. तसा कागद गल्लीच्या तोंडाशी चिकटवलाय, वाचा जाऊन. आता मी पाणी उकळून प्या म्हटलं, तर लोक मलाच तो कागद दाखवतात." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "आणखी एक लक्षात घ्या, बाई. ही कावीळ पोटात शिरली की महिन्याभरानं बाहेर दिसते. गल्लीत आज जे पाणी पितायत, त्यांचं काय व्हायचं ते पुढच्या महिन्यात कळेल. तिथं अजून दोघी गरोदर आहेत."

फौजदारबाई उठल्या, पण दाराशी थबकल्या. "डॉक्टर, पाण्यात औषध कोण घालतं?"

"ज्याला पाणी वाईट आहे हे ठाऊक असतं तो."

"सगळ्या गल्लीत कुणालाच ठाऊक नाही. मग त्या म्हातारीलाच कसं?"

२

गल्ली अरुंद होती आणि मधोमध गटार वाहत होतं. त्यावर फरशा टाकलेल्या, काही फुटलेल्या. डाव्या हाताच्या घरांना पाण्याची मुख्य लाइन लागून होती, त्यामुळे त्यांच्या दारात नळ होते. उजव्या हाताच्या घरांना नळ नव्हते. त्यांनी कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावरून पाणी आणायचं, आणि तो नळ तर आठ महिने कोरडा ठणठणीत. तोटीवर कोळ्यानं जाळं विणलं होतं.

प्लंबरचं घर उजव्या हाताला होतं.

सासू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. गल्लीत तिला सगळे मावशी म्हणत. काटक बाई, साठीची. तिनं फौजदारबाईंकडे पाहिलं आणि पुन्हा जमिनीकडे नजर लावली.

"मावशी, हंड्यात पूड तुम्ही घालत होतात?"

"होय."

"ती पाणी शुद्ध करायची पूड आहे, हे मला कळलंय. कुणी दिली तुम्हाला?"

मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. फौजदारबाईंनी वाट पाहिली. मागे भिंतीत एक नवा नळ होता.

"सुनेशी पटत होतं?"

"लेकीसारखी होती."

"मग सांगा ना. तुमच्यावर विषाचा आरोप आहे. एका वाक्यात सुटाल तुम्ही. पाणी वाईट आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाहेरच्या खोलीतून मुलाच्या खोकल्याचा आवाज आला, तशी म्हातारी दचकली. उठून तिनं मधलं दार लावून घेतलं. मग फौजदारबाईंच्या पुढ्यात येऊन दोन्ही हात पुढे केले.

"लिहा," ती हळू आवाजात म्हणाली. "मीच मारली सुनेला. न्या मला."

३

खुनाची कबुली अशी आयती हातात पडली की कुठलाही फौजदार सुटकेचा श्वास टाकेल. फौजदारबाईंनी मात्र पेनही काढलं नाही. न केलेला खून ही बाई अंगावर घेत होती. म्हणजे त्याहून वाईट असं काहीतरी तिला झाकायचं होतं.

त्यांनी तिला हात लावला नाही. त्या बाहेरच्या खोलीत आल्या.

प्लंबर भिंतीला टेकून बसला होता. तिशीचा, रुंद पंजांचा माणूस. शेजारी बायकोची चप्पल होती, ती त्यानं अजून हलवली नव्हती.

"आईनं काही केलेलं नाही," तो आपणहून म्हणाला. "मेव्हण्याचं डोकं फिरलंय. त्याचंही बरोबर आहे म्हणा, पाठची बहीण गेली. पण आई तर हिला एक भांडं उचलू देत नव्हती. आणि पाण्यासाठी बाहेर जायला नको म्हणून मीच घरात नळ आणला. या रांगेत आमच्याकडेच नळ आहे, बाई. समोरच्या लाइनवरून घेतला. तिसरा महिना लागला होता तिला, तेव्हा. तोटी सोडली की पाणी." आपण काय बढाई मारतोय ते लक्षात येऊन त्यानं चपलेकडे पाहिलं.

"परवानगी?"

"अर्ज केला होता. ऑफिसातून उत्तरच येईना. किती दिवस थांबणार?"

फौजदारबाई बाहेर आल्या, तर समोरच्या घरातली बाई आपल्या दारातच उभी होती. पाचवा महिना, हात कमरेवर. तिनंच पूड टाकताना पाहिलं होतं. ती बोलायला अगदी आतुर होती.

"मावशीचं वागणंच बदललं हो. दुपारी चार वाजता पाणी आलं की पहिली बादली सरळ गटारात ओतून द्यायची. आम्ही इथं थेंबा-थेंबाला जपतो आणि ही ओतून देते! मी म्हटलंसुद्धा, मावशी, घरात नळ आला म्हणून एवढा माज? तर रडवेली झाली."

"कधीपासून हे?"

"गेल्या महिन्याच्या नऊ तारखेपासून. नक्की सांगते, त्या दिवशी आमचा गॅस संपला होता, पावती आहे माझ्याकडे. सकाळी चावीकाकांनी गटारावरची फरशी उचलून काहीतरी बघितलं, आणि संध्याकाळपासून हिचं सुरू झालं."

"चावीकाका कोण?"

"पाणी सोडणारे. चावी फिरवतात ना व्हॉल्व्हची, ते."

फौजदारबाईंनी तिला विचारलं, "तुम्ही पाणी उकळून पिता का?"

ती हसली. "टाकीचं पाणी आहे, बाई. कागद वाचला नाही का तुम्ही?"

तिच्या हातात पेला होता. बोलता बोलता तिनं तो तोंडाला लावला.

४

पाण्याच्या ऑफिसातले साहेब सरळ बोलणारे निघाले. "बिघाड कुठं आहे ते दाखवा, त्या मिनिटाला बंद करतो. पण नुसत्या संशयावरून चार गल्ल्यांचं पाणी तोडलं, तर लोक मला फाडून खातील."

"नऊ तारखेला तुमच्या माणसानं तिथली फरशी उचलली होती. त्याची नोंद?"

साहेबांनी कपाळाला आठी घातली. "नऊ तारखेच्या आठवड्यात मी प्रशिक्षणाला बाहेरगावी होतो. कारकुनाला विचारा."

कारकुनानं बिघाडांची नोंदवही काढून दिली. चावीवाले फेरी संपवून सकाळी आठच्या सुमाराला येत आणि आपापल्या हातानं यात लिहीत. नंतर दिवसभरात येणाऱ्या तक्रारी कारकून लिही. फौजदारबाई मागून पुढे पानं उलटत आल्या. मधेच एका पानावर त्या थांबल्या. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या, चौथ्या. कोपऱ्यावरचा सार्वजनिक नळ बंद आहे, गरोदर बायकांना लांबून पाणी आणावं लागतं, कृपया दुरुस्त करावा. चार महिन्यांत चार अर्ज चिकटवलेले, एकच वळणदार अक्षर. खाली सही मेलेल्या बाईची.

"हे?" त्यांनी विचारलं.

कारकून वहीत डोकावला आणि त्यानं मान खाली घातली. "सामान आलं नव्हतं."

फौजदारबाई पुढे गेल्या आणि नऊ तारखेपाशी त्यांचं बोट अडलं. प्रत्येक कागदाला एक छापील आकडा होता. सेहेचाळीसनंतर एकदम अठ्ठेचाळीस. शिवणीपाशी फाटलेल्या कागदाची बारीक कड तेवढी राहिली होती.

कारकुनाचं धाबं दणाणलं. "बाई, आईशपथ, मला माहीत नाही. साहेबांना विचारा. नाहीतर डॉक्टरांच्या तक्रारीनंतर कुणीतरी…"

"गप्प बसा आणि इकडे बघा. सेहेचाळिसाव्या पानावर शेवटची नोंद कितवी?"

"एकशे बारा. आठ तारखेची."

"आणि अठ्ठेचाळिसाव्यावर पहिली?"

"एकशे तेरा. नऊ तारीख, साडेअकरा. फोनवरची तक्रार. अक्षर माझंच."

"आकडा तुटलेला नाही. पान नंतर कधी फाडलं असतं, तर त्यावरचा आकडा गेला असता आणि तुम्ही एकशे चौदा लिहिलं असतं. म्हणजे साडेअकराला तुम्ही वही उघडलीत, तेव्हा ते पान आधीच गेलेलं होतं. साहेब गावात नव्हते. डॉक्टरांची तक्रार पुढची. तुम्ही ऑफिसात किती वाजता येता?"

"अकराला."

"आठ ते अकरा ही वही कुणाच्या हातात असते?"

कारकून म्हणाला, "चावीवाल्यांच्या."

"लिहिणाऱ्यानंच फाडलं," फौजदारबाई म्हणाल्या. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजत होते. चार वाजता गल्लीत पाणी सुटणार होतं.

५

चावीकाका व्हॉल्व्हच्या खड्ड्यापाशी भेटले. दोन हात लांबीची लोखंडी चावी खांद्यावर, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. फौजदारबाईंनी फाटलेल्या पानाचं नाव काढलं मात्र, म्हातारबुवा तिथंच कट्ट्यावर बसले.

"मला वाटलंच होतं, कुणीतरी येईल."

"काय लिहिलं होतंत?"

"मागची गल्ली, गटाराखाली गळती. ताबडतोब पाणी बंद करावं."

"मग फाडलंत का?"

चावीकाका चावीवरून हात फिरवत राहिले. "ताई धावत आली माझ्या मागं, ऑफिसापर्यंत. म्हणजे तुमची ती मावशी. माझी बायको गेली तेव्हा वर्षभर माझ्या दोन मुलींना तिनं जेवू घातलंय. ती पाया पडायला लागली. मला राहवेना. म्हटलं, सुट्टीच्या दिवशी गुपचूप उकरून दुरुस्त करतो, तोवर पहिलं पाणी टाकून दे आणि ही पूड घाल. पण दुरुस्तीला लाइन बंद करावी लागते, आणि त्याला साहेबांची सही लागते. आज करू, उद्या करू… राहूनच गेलं."

"तिच्या घराला पूड दिलीत. बाकीच्या गल्लीला?"

त्यांनी चावी जमिनीला टेकवली.

"काका, अकरा माणसं आजारी आहेत. एक बाई पोटातल्या मुलासकट गेली. गळती नेमकी कशी, कुठं?"

"पाणी बंद असलं की पाइप रिकामा होतो आणि बाहेरचं आत ओढतो. तिथं बाहेर काय, तर गटार. मग चार वाजता सोडलं की पहिल्या झटक्यात ते सगळं गल्लीभर जातं." ते उठले. "आज मी पाणी सोडत नाही. साहेबांना सांगा काय सांगायचं ते. पण पाइप कुणाचा, ते ताईलाच विचारा. माझ्या तोंडून नको."

विचारायची गरज उरली नव्हती. गटार ओलांडून गेलेला नवा पाइप त्या गल्लीत एकच होता.

६

मावशी अजून उंबऱ्यावरच होती. फौजदारबाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या.

"पाइप तुमच्या मुलानं टाकलाय," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "सांधा गटारात निसटलाय. त्याला हे ठाऊक नाही. खरं ना?"

म्हातारीनं त्यांचं मनगट घट्ट धरलं. "हळू बोला हो. तिला पाणी आणायला जावं लागू नये म्हणून बिचाऱ्यानं दोन रविवार गटारात उतरून तो पाइप टाकला. काका म्हणाले तेव्हा मला वाटलं, गुन्हा दाखल होईल, लायसन जाईल, आणि मूल येणारं घरात. म्हटलं गुपचूप होतंय ना, होऊ दे. मला काय माहीत, ते विष आधीच तिच्या पोटात गेलंय! आणि आता… आपल्या हातानं आपण बायको मारली, हे त्याला कळलं तर जगेल का तो? तुम्हीच सांगा. मला न्या. मी बुडाले काय, तरले काय."

"आणि समोरची? पाचवा महिना आहे तिला. शेवटच्या घरातलीला नववा. पंचवीस दिवस तुम्ही तुमचं पाणी शुद्ध करत होतात आणि त्यांना पिताना बघत होतात."

म्हातारीची पकड ढिली झाली.

मधलं दार उघडं होतं. प्लंबर त्यात उभा होता. कधीपासून, कोण जाणे.

"आई," तो म्हणाला. "रबरी वायसर निसटला का?"

तो कोपऱ्यातल्या पिशवीतून करवत घेऊन बाहेर पडला. फौजदारबाई मागोमाग धावल्या. त्यानं फरशी उचलून बाजूला फेकली आणि मांडीभर घाणीत उतरला. गल्ली गोळा झाली. टेम्पोवालाही आला, मुठी आवळूनच. प्लंबर कोपरापर्यंत हात घालून चाचपत होता. मग त्याचा हात एका जागी थांबला. त्याचा चेहरा पाहून टेम्पोवाल्याच्या मुठी आपोआप सुटल्या.

मुख्य लाइनजवळ पाइप कापून, तोंडावर बूच मारून तो वर आला. हातात पाइपचा तुकडा होता. सांध्याला बोट जाईल एवढी फट होती.

"हे मी टाकलं होतं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "नळाचं पाणी पिऊ नका. घरात भरलेलं ओतून द्या. उद्यापासून उकळून घ्या. माझ्या पाइपातून गटार तुमच्या घरात येत होतं."

मग तेच वाक्य तो प्रत्येक दाराशी जाऊन बोलला, कारण म्हातारे-कोतारे बाहेर आले नव्हते. कुणी शिव्या दिल्या, कुणी दार लावलं. समोरच्या बाईनं पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "मी महिनाभर हेच पाणी प्यालेय. मला काय होईल?"

त्यानं तिच्या दारातली भरलेली बादली उचलून गटारात ओतली.

७

चावीकाकांनी गुन्हा कबूल केला. मावशीवरचा विषाचा आरोप गेला, पण धोका ठाऊक असून लपवल्याचा राहिला. प्लंबरवरही गुन्हा दाखल झाला. त्यानं वकील घेतला नाही. फौजदारबाईंनी अहवालाला ते चार अर्ज जोडले आणि साहेबांचं नाव वरती लिहिलं. त्यासाठी वरून दोन फोन आले, तरी त्यांनी नाव खोडलं नाही. कोपऱ्यावरचा नळ तीन दिवसांत सुरू झाला. सामान कुठून आलं, ते कुणी सांगितलं नाही.

महिन्याभरात आणखी आठ जण पिवळे पडले आणि उठले. नववा महिना असलेली सुखरूप मोकळी झाली. समोरच्या बाईला फौजदारबाई रोज सकाळी उजेडात उभं करून डोळे बघत. बाविसाव्या दिवशी ती स्वतःच दारात येऊन थांबली होती, डोळे पिवळे. टेम्पोवाल्यानं तिला मोठ्या दवाखान्यात पोचवलं. जामिनावर सुटलेला प्लंबर तिथं अकरा दिवस बाकावर बसून राहिला. तिच्या घरच्यांनी दोनदा हाकललं, तरी तो गेला नाही.

त्यानंतर फौजदारबाई कोठडीत मावशीला भेटायला गेल्या; तिनं जामीन मागितलाच नव्हता. म्हातारी आणखी वाळली होती.

"समोरची?" तिनं पहिला प्रश्न केला.

"वाचली."

म्हातारीनं डोळे मिटले आणि उघडले. "आणि पोटातलं?"

खोटं फौजदारबाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. "नाही वाचलं," त्या म्हणाल्या. "मुलगी होती."

मावशीनं गजांना घट्ट धरलं. मग तिनं तोंड पुढे आणलं.

"माझ्या मुलाला सांगू नका हं."

"तो तिथंच होता, मावशी," फौजदारबाई म्हणाल्या. "मला त्यानंच सांगितलं."